विस्थापन शून्य

सोमवार, ४

विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेबाहेरच्या ओल्या फरशीवरून घसरल्या. पाय मोडला त्यांचा आणि प्लॅस्टरमध्ये अडकले मी. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं की नववीचा भौतिकशास्त्राचा भाग, म्हणजे गती, सदिश आणि बल, तुम्ही घ्या. मी म्हटलं, "बाई, मी भाषा शिकवते." तर म्हणाल्या, "म्हणूनच तर. तुम्हाला समजावून सांगता येतं." अडला हरी दुसरं काय करणार. हो म्हणून आले.

संध्याकाळी पुस्तक घेऊन बसले. अदिश म्हणजे ज्याला नुसतं 'किती' असतं. सदिश म्हणजे ज्याला 'किती' आणि 'कुठे' दोन्ही असतं. शब्द गोड आहेत. पहिली दोन पानं कळली, तिसरं डोक्यावरून गेलं.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते. हिवाळ्यात स्वतःच्या जिन्यात पडल्यापासून ते माझ्याकडेच आहेत. सायकल दुरुस्तीचं दुकान त्यांनी हाताखालच्या माणसाला केव्हाच देऊन टाकलं, पण दुकानावरच्या दोन खोल्या अजून त्यांच्या आहेत. आई गेल्यावर ते तिथेच एकटे राहायचे. आता त्या खोल्यांना गिऱ्हाईक आलंय आणि चोवीस तारखेला, रविवारी, हो की नाही ते सांगायचंय. विकायच्या यावर दादाचं आणि माझं एकमत आहे. आम्हा बहीणभावांचं एकमत व्हायची ही बहुधा पहिलीच वेळ. भांडण एवढंच की बाबांनी पुढे कायमचं राहायचं कुणाकडे, त्याच्याकडे की माझ्याकडे. बाबांना विचारलं की ते म्हणतात, "बघू."

मंगळवार, ५

आजचा तास चक्क रंगला. अंतर आणि विस्थापन यातला फरक शिकवायचा होता. अंतर म्हणजे तुम्ही किती चाललात, आणि विस्थापन म्हणजे निघालात तिथून सरळ रेषेत किती लांब पोचलात. मी फळ्यावर लिहिलं, काखेत कळसा गावाला वळसा. मग विचारलं, ही बाई कळसा शोधत अख्खा गाव हिंडली आणि परत दारात आली, तर तिचं विस्थापन किती? वर्ग म्हणाला, शून्य. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. हिचं प्रत्येक वाक्य 'पण बाई'ने सुरू होतं, म्हणून शिक्षक-खोलीत तिला सगळे 'पणबाई'च म्हणतात. "पण बाई, विस्थापन शून्य म्हणजे ती काहीच चालली नाही असं का? मग तिचे पाय का दुखले?" पुस्तकात पायांबद्दल काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, "उद्या सांगते." उद्या तास नाही, हे मला माहीत होतं.

गुरुवार, ७

आज एक विचित्रच झालं. शाळेतून आले तर बाबा खुर्चीतच, सकाळी ठेवून गेले होते तसेच. पेपरही तोच. पण सदरा पाठीला चिकटलेला, श्वास जोरात, आणि खोलीत गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास. बूट दाराशी वाकडे पडलेले. बाबांचे बूट कधी वाकडे नसतात.

"बाबा, कुठे गेला होतात?"

"कुठे जाणार? इथेच तर आहे."

तेही खरंच म्हणा. सकाळी खुर्चीत होते, आताही खुर्चीत आहेत. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, उकडत असेल त्यांना." उकाडा तर अजिबात नाही. दादाला फोन केला. तो म्हणाला, "विसरायला लागलेत ते. माझ्या एका मित्राच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. बाहेर जायचे आणि आठवायचं नाही." फोन ठेवला आणि दाराशी जाऊन ते बूट सरळ लावून ठेवले. आईच्या वेळी निदान काय होतंय ते दिसत तरी होतं.

शनिवार, ९

फजिती. काल वर्गात ठणकावून सांगितलं की जी वस्तू स्थिर आहे तिच्यावर कोणतंही बल नसतं. पणबाई उठली. "पण बाई, टेबलावरच्या डस्टरला पृथ्वी ओढत नाही का?" ओढते. "मग ते खाली का जात नाही?" टेबल आहे म्हणून. "मग टेबल काय करतं?" मी म्हटलं, टेबल काही करत नाही, ते बिचारं उभं असतं. वर्ग हसला. कुणाला हसला ते कळलं नाही.

आज विज्ञानाच्या बाईंना फोन लावला. पलंगावर पाय टांगून पडल्यात, पण जीभ शाबूत आहे. "अहो, असं कसं सांगितलंत? स्थिर म्हणजे कोणी ओढत नाही असं नव्हे. ओढणारे एकमेकांना तोलून धरतात, म्हणून ती हलत नाही. पृथ्वी खाली ओढते, टेबल तेवढंच वर ढकलतं."

"टेबल ढकलतं?"

"ढकलतं. तुम्ही आत्ता ज्या खुर्चीत बसलायत ती तुम्हाला वर ढकलतेय."

फोन ठेवल्यावर बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. काहीही ढकलल्यासारखं वाटलं नाही. मग उठले आणि बाबांच्या खुर्चीकडे बघितलं. त्यांनाही काही वाटत असेल असं दिसलं नाही. शांत बसले होते.

रविवार, १०

दादा आला होता. आल्याआल्या सुरू. त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे, एक पायरी चढायला नको. मी म्हटलं, माझं घर तळमजल्यावर आहे, लिफ्टची कटकटही नको. तो म्हणाला, त्याच्या बायकोला आता कामावर जायचं नसतं, दिवसभर घरी माणूस असतं. मी म्हटलं, सून ती सून आणि लेक ती लेक. हे हळूच उठून आत गेले. त्यांना माझा हा सूर ओळखता येतो.

बाबा दोघांच्या मधे बसले होते, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. दादा बोलला की त्याच्याकडे बघायचे, मी बोलले की माझ्याकडे. एकदाच बोलले.

"लिफ्ट बंद पडली तर?"

दादा म्हणाला, "बॅकअप आहे बाबा, दोन मिनिटांत सुरू होते."

"बरं," बाबा म्हणाले. थोडं थांबून, "आपल्या जिन्याचा कठडा हलत होता, वरून दुसरा खांब. तो कोणी घट्ट केला का?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. विषय काय चाललाय आणि हे कुठे पोचलेत. जाताना दारात तो म्हणाला, "पाहिलंस ना?" पहिल्यांदाच मला त्याच्याशी भांडावंसं वाटलं नाही.

बुधवार, १३

वरच्या मजल्यावरच्या काकू पाण्याच्या टाकीचं काहीतरी सांगायला आल्या आणि जाताजाता म्हणाल्या, "तुमचे वडील परवा आमच्या दारापर्यंत आले होते हो. मी विचारलं, कोण हवंय? तर म्हणाले, कोणी नाही, आलो तसा जातो. आणि खरंच वळून खाली गेले. दमले होते अगदी."

म्हणजे दादा म्हणतो ते खरं. स्वतःचा मजला कोणता हे त्यांना कळेनासं झालंय. उद्या रस्त्यावर गेले म्हणजे? मी दिवसभर शाळेत, हे कामावर, कोण बघणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी त्यांचे बूट उचलले आणि माझ्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवले. बुटांशिवाय ते उंबरठा ओलांडत नाहीत, जन्मभराची सवय आहे. वाईट वाटलं, पण त्यांच्या भल्यासाठीच केलं.

दादाला कळवलं. त्याने विज्ञानाच्या बाईंसारखीच शाबासकी दिली, म्हणजे आधी दोन चुका काढून.

शुक्रवार, १५

बाबांनी बुटांबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. काल सकाळी दाराशी गेले, खाली बघितलं, पलंगाखाली बघितलं, आणि खुर्चीत येऊन बसले. पेपर उघडला नाही. जेवताना नीट जेवले. मी म्हटलं, "बाबा, बरं वाटत नाही का?" तर म्हणाले, "मला काय झालंय."

आज घर्षण शिकवलं. घर्षण गतीला विरोध करतं, घर्षण म्हणजे आडकाठी, यंत्रं झिजतात ती घर्षणामुळे, असं सगळं पुस्तकातलं सांगून झालं. पणबाई: "पण बाई, घर्षण नसतंच तर आपण चाललो असतो का?" मी म्हटलं, आणखी छान चाललो असतो. मग विज्ञानाच्या बाईंचा पाय आठवला.

संध्याकाळी त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, "अहो, पायाने जमिनीला मागे रेटतो, मग जमीन आपल्याला पुढे ढकलते. घर्षणच नसेल तर रेटणार कशाला? माझ्यासारखे पडाल." म्हणजे चालवते ती जमीन, आणि इतकी वर्षं मी समजतेय की मीच चालते. मी म्हटलं, "मग आडकाठी कोण आणि मदत कोण, हे ओळखायचं कसं?" त्या म्हणाल्या, "ते वस्तूला कुठे जायचंय त्यावर." वस्तूला कुठे जायचं असतं का? डोकं दुखायला लागलं, झोपते आता.

रविवार, १७

काल बाबांना डॉक्टरांकडे नेलं. दादाही आला होता. डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, आकडे उलटे म्हणायला लावले. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं, वर डॉक्टरांच्या टेबलावरचं कॅलेंडर मागच्याच महिन्याचं राहिलंय हेही दाखवून दिलं. मग डॉक्टरांनी पाय तपासले. "पडल्यानंतर आला होतात तेव्हापेक्षा मांड्यांत चांगलीच ताकद आलीय. काय व्यायाम करता?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "बसूनच असतो."

बाहेर आल्यावर मी दादाला म्हटलं, "बसून मांड्यांत ताकद येते होय?" तो म्हणाला, "डॉक्टर नवशिका दिसतोय. दुसरा बघू." मला काहीच समजेना. डोकं ठीक आहे म्हणावं तर वरच्या मजल्यावर भरकटतात. बिघडलंय म्हणावं तर कॅलेंडर दुरुस्त करतात. चोवीस तारीख आठवड्यावर आली आणि आम्ही अजून तिथेच.

मंगळवार, १९

विज्ञानाच्या बाईंनी सांगितलेला प्रयोग मैदानावर केला. लोखंडी कडीला दोन दोऱ्या बांधल्या. एका दोरीला मुलींचा गट, तो फाटकाकडे ओढणार. दुसरीला मुलगे, ते पाण्याच्या टाकीकडे. फाटक आणि टाकी समोरासमोर नाहीत, मैदानाच्या दोन शेजारच्या कोपऱ्यांत आहेत. कडी फाटकाकडे जाणार की टाकीकडे, यावर आधी भरपूर आरडाओरडा झाला. शिट्टी वाजवली. कडी फाटकाकडेही गेली नाही आणि टाकीकडेही. दोघांच्या मधून सरळ झाडाकडे निघाली.

"पण बाई, झाडाकडे तर कोणीच ओढत नव्हतं."

मी पुस्तकातलं सांगितलं, दोन बलांची बेरीज म्हणजे परिणामी बल, त्याची दिशा तिसरीच असू शकते. सांगताना मलाही पूर्ण पटत नव्हतं.

मग पणबाईने तिसरी दोरी बांधायला लावली, झाडाच्या बरोबर उलट्या बाजूला, आणि तिकडे उरलेली पोरं उभी केली. आता कडी जागची हलेना. मी म्हटलं, "बघा, संतुलित बलं. कडी स्थिर, शांत." ती वाकून दोरीला बोट लावून आली. "पण बाई, कडी शांत नाहीये. दोऱ्या बघा किती ताणल्यात." मी पण बोट लावलं. दोरी थरथरत होती. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलींनी दोरी सोडून दिली आणि बाकीचे सगळे धडाधड पाठीवर पडले.

घरी आल्यावर बाबांच्या हातांकडे लक्ष गेलं. खुर्चीचे हात त्यांनी इतके घट्ट धरले होते की बोटांची पेरं पांढरी. मी चहा दिला तेव्हा सोडले.

गुरुवार, २१

शाळेत परीक्षेच्या बाकांची मांडामांड होती, दुपारीच सोडलं. आमच्या इमारतीच्या दारात शिरले तर वरून पावलांचा आवाज. एक पाऊल, मग थांबा, मग दुसरं. मान वर केली. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर बाबा. अनवाणी. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. पिशवीत पाण्याने भरलेल्या बाटल्या.

मी हाक मारली नाही. दचकून पडले असते. हळूहळू वर गेले.

"बाबा, काय करताय?"

"चढतोय."

"कुठे?"

"कुठे नाही. वर जातो, खाली येतो."

"आणि ही पिशवी?"

"रिकाम्या हाताने काय, कोणीही चढेल. घरी भाजी, दूध घेऊनच चढावं लागतं." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "माझ्या घराला जिना आहे ना, चिमे."

पायरीवरच बसले मी. बाबाही शेजारी बसले, गुडघे चोळत. तळपाय धुळीने काळे झाले होते. मला त्या पायांकडे बघवेना. म्हटलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"बाबा, किती वेळा विचारलं."

"ह्याच्याकडे की हिच्याकडे, हे विचारलंत." रागावून नाही, सायकलचं पंक्चर कुठे आहे ते दाखवावं तसं म्हणाले. "दोघंही प्रेमाने ओढता. एकाचं ऐकलं तर दुसरं दुखावणार. म्हटलं, आधी पाय तयार करू, मग बोलू. आधी बोललो असतो तर जिन्यापाशीच अडवलं असतंत. बूट गेलेच की."

मला रडू आलं. भर जिन्यात, नववीच्या मुलांना बल शिकवणारी बाई. वरच्या काकू दार किलकिलं करून बघून गेल्या. बाबा म्हणाले, "आता रडून काय, पिशवी धर. दमलो." मी बूट काढून आणले आणि त्यांनी तिथेच पायरीवर बसून घातले, नाडी नीट दुहेरी बांधून. घरी येऊन खुर्चीत बसले आणि पेपर उघडला.

मला मात्र अजून काही सुचत नाही. पुन्हा पडले तर? त्यांना जाऊ देणं म्हणजे त्यांचं ऐकणं की त्यांना वाऱ्यावर सोडणं? दादाला काय तोंड दाखवू? विज्ञानाच्या बाईंना विचारता येण्यासारखं हे नाही.

शनिवार, २३

तरी विचारलंच, आडून आडून. म्हटलं, कडीला तीन दोऱ्या आहेत आणि एकाने सोडायची ठरवली तर? त्या म्हणाल्या, "हळू सोडायला सांगा. झटक्यात सोडली तर बाकीचे पडतात." पडतात हे मी मैदानावर पाहिलंच आहे. दादाला आजच फोन करून सांगितलं की मी माझ्याकडे ठेवायचा हट्ट सोडला. तो इतका खूश झाला की पुढचं बोलायचं धैर्य झालं नाही. म्हटलं, "उद्या बाबांच्या खोल्यांवरच भेटू. तुझा पान्यांचा डबा घेऊन ये."

"पाने कशाला?"

"ये तर."

रविवार, २४

दादा पाने घेऊन आला तो जिंकलेल्या चेहऱ्याने. बाबांनी त्याला दुकानासमोर, जिन्याच्या तोंडाशीच उभं करून सांगितलं, "मी इथेच राहणार. खोल्या विकायच्या नाहीत."

दादा आधी माझ्यावर भडकला, मग बाबांवर, मग पुन्हा माझ्यावर. "पुन्हा पडले म्हणजे?"

मी म्हटलं, "आमच्या विज्ञानाच्या बाई सपाट फरशीवर पडल्या."

"हे काय उत्तर झालं?"

उत्तर नव्हतंच ते. मलाही माहीत होतं. बाबा म्हणाले, "पडलो तर येईन की तुमच्याकडे. दुसरीकडे जाणार कुठे? पण पडायच्या आधीच कशाला येऊ?" दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डोळे पुसत होता की घाम, विचारलं नाही. मग वर जाऊन कठड्याचा दुसरा खांब धरून हलवला. खरंच हलत होता, वरून दुसराच. बराच वेळ पाना फिरवत बसला आणि खाली येऊन म्हणाला, "संध्याकाळी मी रोज चक्कर मारणार. त्यात 'बघू' नाही चालायचं." मी म्हटलं, सकाळी मी. त्यावरून लगेच वाद झाला, कारण सकाळ त्याला हवी होती. गिऱ्हाइकाला नाही कळवायचं काम त्याने माझ्यावर ढकललं, ते मी मुकाट्याने घेतलं.

मग बाबा चढायला लागले. एका हातात पिशवी, आत दूध आणि भाजी, दुसरा हात कठड्यावर. मी म्हटलं, "पिशवी द्या." त्यांनी ऐकलं नाही. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल. जिना अरुंद आहे, त्यांच्या शेजारी माणूस मावत नाही.

पुस्तकात लिहिलंय की आपण पायरीला खाली रेटतो आणि पायरी आपल्याला वर ढकलते. मला हे अजूनही नीट समजलेलं नाही. उद्या पणबाई विचारणार, आणि मी पुन्हा 'उद्या सांगते' म्हणणार. पण आज जिन्याखाली उभं राहून स्वच्छ बघितलं. बाबांना कोणी ओढत नव्हतं, मागून कोणी ढकलतही नव्हतं, आणि ते वर जात होते. दादा आणि मी मात्र अर्धवट हात पुढे करून खाली उभे होतो, आणि ते हात कुठे ठेवायचे हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.